बिजलीची मागची सडं

माझ्या दाजींना खोटं बोलता येत नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल म्हातारा लबाड आहे. लबाड मी आहे, गरजेपुरता. उद्यमनगरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथं गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणावंच लागतं. दाजींचं तसं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, धोंडुआक्काचे मालक. गाव त्यांना आण्णा म्हणतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात द्यायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. फेस मिशीला लागला पाहिजे, दूध कोमट असलं पाहिजे. त्यात पाणी घालायला जागाच नाही, सडातनं निघालेलं थेट पेल्यात पडतं.

म्हशीच्या बाबतीत दाजींचा शब्द कट्ट्यावर शेवटचा. कुणी नवी म्हैस आणली की आधी यांना दाखवणार. दाजी तिच्याभोवती एक चक्कर मारणार, कासेला हात लावणार आणि जे असेल ते मालकाच्या तोंडावर बोलणार. एकदा एकाला म्हणाले, "म्हस झ्याक हाय पावणं, पण तुमच्याकडं दूध द्याची न्हाय, तुमी लई वरडता." तो माणूस वर्षभर यांच्याशी बोलत नव्हता. दाजींना त्याचं काही नाही. आपण खरं बोललो, विषय संपला.

त्यांची स्वतःची म्हैस बिजली. पंढरपुरी जातीची, शिंगं पार पाठीवर गेलेली, आणि स्वभाव माझ्यासारखा. परका माणूस जवळ आला की लाथ ठरलेली. गेल्या दिवाळीत पाडव्याला दाजींनी तिची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरं बांधली आणि नुसत्या हाकेवर तिला अख्ख्या गल्लीतनं पळवत नेलं. लोक शिट्ट्या मारत होते. त्यानंतर आठवड्याच्या आतच एका सकाळी दाजी गोठ्यात बसल्या जागी कलंडले. अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. पाय हळूहळू आला, काठी टेकत चालायला लागले, पण हात काही आला नाही.

हात आला नाही हे आम्हाला कळलं, डॉक्टरांना कळलं, शेजारच्या पोराबाळांना कळलं. दाजींना कळलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर पूर्णिमा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी दाजींना दोन्ही हात वर करायला सांगितले. दाजींनी उजवा वर केला आणि निवांत बघत बसले.

"डावा पण करा की, आण्णा," डॉक्टर म्हणाल्या.

"केलाय की."

"मला दिसत नाही."

"मग चष्मा बदला, बाई."

माझा पारा चढला. मी त्यांचा डावा हात मनगटाला धरून त्यांच्या नाकासमोर उचलला आणि सोडला, तो धपकन गादीवर पडला. म्हटलं, हे बघा दाजी, लोंबतोय. तर मलाच म्हणाले, दमलाय तो, झोपू दे, तू उगंच हिसका देऊ नकोस. च्यायला, हा माणूस आयुष्यात एकदा खोटं बोलला नाही आणि आता सगळ्या वॉर्डासमोर धडधडीत बोलतोय, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं आणि समजावून सांगितलं. म्हणाल्या, ते खोटं बोलत नाहीत. हात कुठं आहे, काय करतोय, याची बातमी मेंदूला सतत जात असते. मेंदूच्या ज्या भागात ती बातमी पोचते तोच भाग दुखावला आहे. आणि मेंदू असा आहे की बातमी आली नाही म्हणून तो कोरा पेपर काढत नाही, जुनीच बातमी परत छापतो. आण्णांना खरोखर वाटतंय की हात वर गेला. आणि हात हलत नाही असं दुसऱ्या कुणी म्हटलं की त्यावरचं कारणसुद्धा मेंदू तिथल्या तिथं तयार करून देतो. वाद घालू नका, म्हणाल्या, व्यायाम करून घ्या. सुरुवातीचे महिने हातातून गेले तर हात कायमचा जाईल.

मला हे पटलं नाही. आमच्या धंद्यात मोटार जळाली तर निदान वास तरी येतो. जळालेली मोटार 'मी फिरतेय, तुमचं लक्ष नाही' असं म्हणत नाही.

घरी आणल्यावर तर नाना तऱ्हा. जेवायला बसले की ताटातली उजव्या बाजूची भाकरी, उजव्या बाजूची भाजी चाटूनपुसून खाणार आणि मग आक्कावर ओरडणार, पिठलं केलंस आणि वाढलं का नाहीस. पिठलं ताटातच असायचं, डावीकडे. आक्का ताट फिरवायची. दाजी म्हणायचे, आता कसं वाढलंस. दाढी केली तर अर्धी, आणि आरशात बघून समाधान. मी दारात हसत उभा राहिलो तर आक्कानं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा न पिता परत गेलो.

व्यायामाला माणूस लावला होता. तो हात चोळायला लागला की दाजी त्याला समजावून सांगायचे, बाळा, ह्यो हात चांगला हाय, तू उगं कशाला दमतोस, कुणाचा तरी वाकडा झालेला बघ जा. त्याला चहा पाजून परत पाठवायचे. आक्कानं विनवलं, मी ओरडलो, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. चांगल्या हाताला व्यायाम कशाला, एवढं एकच उत्तर.

इकडे बिजलीची धार आक्काच काढत होती. पहिले दोन-तीन दिवस म्हशीनं तिला जवळ येऊ दिलं नाही. मग आक्कानं दाजींचा सदरा साडीवर चढवला, डोक्याला त्यांचा टॉवेल गुंडाळला आणि त्यांच्यासारखं खाकरत गोठ्यात शिरली. बिजलीनं सदऱ्याचा वास घेतला, मान खाली घातली आणि पान्हा सोडला. हे आमच्याकडे नवीन नाही, मालक गावाला गेला की बायका असंच करतात. पण मला फार गंमत वाटली. मी म्हटलं, आक्का, म्हशीला पण दवाखान्यात दाखवायला पाहिजे, एवढा मोठा फरक तिला कळत नाही. आक्का म्हणाली, म्हशीला समजावून सांगून कोण धार काढतं? तिला पटेल असं करायचं.

धार घरीच निघायला लागली, आणि दूध चरवीत भरून आक्का संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसायला लागली. जुनी गिऱ्हाइकं यायची, प्यायची, आणि जाताना म्हणायची, आण्णाच्या हातची चव न्हाय. अरे, म्हैस तीच, वैरण तीच, सडंसुद्धा तीच! चव हाताला असते का? पण ते पेल्यात आण्णाला शोधत होते, मिळत नव्हता, म्हणून दूध बेचव. आक्का हसून सोडून द्यायची.

मग एक दिवस दाजी म्हणाले, आता धार मी काढणार. नाही म्हणायची कुणाची टाप होती? काठी टेकत गोठ्यात गेले, म्हशीच्या उजव्या अंगाला उकिडवे बसायचे ते आता पाटावर बसले. त्या बाजूला बसलं की उजवा हात म्हशीच्या पुढच्या दोन सडांना येतो आणि डावा मागच्या दोन सडांना. जन्मभर त्यांनी असंच पिळलं. बिजलीला तर आनंद झाला, तिनं लगेच पान्हा सोडला. पुढच्या सडांतनं उजव्या हातानं धार सुरू झाली. डावा हात मांडीवर पडून राहिला, त्यामुळे मागच्या सडांतनं थेंब नाही.

आणि दाजींना काय दिसलं? दोन्ही हात चाललेत, पण मागून दूध येत नाही. आता तुम्हीच सांगा, तुमचे दोन्ही हात व्यवस्थित पिळतायत आणि दोन सडांतनं काही येत नाही, तर तुम्ही दोष कुणाला देणार? दाजी बाहेर आले ते तोंड पाडूनच. म्हणाले, बिजलीची मागची सडं आटली.

आक्कानं सांगून बघितलं की सकाळी चारी सडांतनं भरभरून निघतं. दाजी म्हणाले, मग संध्याकाळी चल, दाखवतो. संध्याकाळी परत बसले, परत तेच. रोज बसायचे आणि रोज त्यांना नवा पुरावा मिळायचा. मागच्या सडांत दूध तसंच राहिलं तर कास सुजते, म्हणून दाजी आत गेले की आक्का गुपचूप जाऊन मागचं दूध काढून त्याच चरवीत ओतायची. दाजींनी निम्मी भरून ठेवलेली चरवी कट्ट्यावर निघताना काठोकाठ असायची. पाच-सहा दिवस त्यांनी हे बघितलं आणि त्यांच्या डोक्यानं याचाही हिशोब लावून टाकला. म्हैस निम्मंच देते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी तपासलेलं. मग वरचं निम्मं आलं कुठून? नळातून.

हे त्यांनी घरात म्हटलं असतं तर आक्कानं गिळलं असतं. दाजी काठी टेकत कट्ट्यावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याकडनं दूध घिऊ नका. ही पाणी घालाय लागलीया."

मी तिथं होतो. आक्काच्या हातात पेला होता, तो तिनं खाली ठेवला. आमच्याकडे शिव्या खूप आहेत, तोंड उघडलं की बाहेर पडतात, पण दूधवाल्याच्या घराला 'पाणी घालता' यापेक्षा वाईट शिवी नाही. मी दाजींच्या अंगावर गेलो, दोघातिघांनी मला धरलं. म्हटलं, हात मेलाय तुमचा, हात! ते माझ्याकडे असं बघत राहिले की बिचाऱ्याला काय झालंय. मग शेजारच्याला म्हणाले, ह्याचं डोकं तापट, सोडून द्या.

बरं, एवढं ऐकून लोकांनी काय करावं? आण्णा आजारी माणूस आहे, सोडा, असं म्हणावं. पण आण्णा कधी खोटं बोलत नाही हे सगळ्या गंगावेशीला माहीत. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना दूध पातळ लागायला लागलं. अगदी साखरेच्या पेशंटला गोडी कमी झाल्याचं कळायला लागलं. कट्ट्यावरचे जुने म्हैसवाले यल्लाप्पा म्हणजे दाजींचे जिवलग. ते दुपारचे घरी आले, बिजलीची कास चाचपली आणि म्हणाले, व्हय आण्णा, मागं हलकं लागतंय. सकाळीच धार निघालेली, दुपारी हलकीच लागणार की! पण खरी गंमत पुढे आहे. ते गेल्यावर मी स्वतः हात लावून बघितला. मी, ज्याला सगळं माहीत होतं. आणि देवाशप्पथ सांगतो, मलासुद्धा मागची सडं वाळल्यासारखी लागली. मी हात झटकला आणि दुकानावर निघून गेलो. दिवसभर त्या बोटांनी तारा गुंडाळताना मला त्यांच्यावर भरवसा वाटत नव्हता.

संक्रांत झाली आणि दाजींनी ठरवलं, बिजली विकायची. दोन सडांची म्हैस पोसून काय करायचं? हातकणंगल्याकडच्या एका पावण्याला निरोप गेला, धैर्यशील नाव त्याचं, गोठा मोठा, माणूस व्यवहाराचा. दाजींनी फोनवर त्याला म्हशीचे गुण एका वाक्यात आणि खोड चार वाक्यांत सांगितली. निम्म्या भावात ठरलं. आक्का त्या रात्री जेवली नाही.

मी तिला म्हटलं, कागदावर म्हैस तुझ्या नावावर आहे, नाही म्हण. ती म्हणाली, नाही म्हटलं तर काय होईल ते तुला कळतंय का? गाव म्हणेल पाण्याचा धंदा चाललाय म्हणून म्हस सोडवत न्हाय. म्हस गेली तरी माझं नाव गेलं, ऱ्हायली तरी गेलं. बिजली तिच्याच हाताखाली रेडकाची म्हैस झालेली, तिच्या दुसऱ्या वेताला आक्का गोठ्यात झोपली होती. मला रडणं जमत नाही, म्हणून मी दाजींवर चिडलो. ते आत शांत झोपले होते, खरं बोलणाऱ्या माणसासारखे.

मी एक उपाय काढला. दाजी धार काढत असताना मोबाइलवर त्यांचं शूटिंग करायचं आणि त्यांना दाखवायचं. आक्कानं मोडता घातला. म्हणाली, एवढ्या दिवसांत तू त्यांना दाखवायचं काय शिल्लक ठेवलंयस? परत तुझ्याच डोक्याला काहीतरी झालंय म्हणतील. मी उद्या वेगळं करते. पावणा आला की त्याला धार दाखवावीच लागते, धार बघितल्याशिवाय म्हैस कुणी घेत नाही. हे म्हणालेत की धार मीच काढणार, खोड झाकून विकायची नाही. तर मी त्यांच्या डाव्या अंगाला चिकटून बसते आणि मागची सडं मी पिळते. चारी सडांतनं दूध आलेलं बघितलं की ते म्हणतील म्हस सुधारली, आणि विकायची राहील.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं मग त्यांना कायमचंच वाटेल की हात चालतोय. व्यायाम जो काही होणार होता तो पण गेला. म्हैस वाचवायला हात घालवणार का तू?

"हात त्यांचा हाय," आक्का म्हणाली, "पण नाव माझं चाललंय." आपण काय बोललो ते तिला नंतर कळलं असावं, कारण डोळे पुसत म्हणाली, एक एक करून बघू, दोन्ही एकदम नाही जमत मला.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना धैर्यशील पावणा टेम्पो घेऊन आला. मी त्याला गल्लीच्या तोंडालाच गाठलं आणि म्हटलं, आत काहीही दिसलं तरी बोलू नका, माणूस आजारी आहे. त्यानं मान हलवली. दाजी धुतलेला सदरा घालून तयार होते. आक्कानं त्यांचा डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि त्यांना लागून बसली. त्यांनी विचारलं, तू कशाला? ती म्हणाली, म्हस जायची हाय, शेवटचं बसू द्या.

मी बिजलीच्या रेडकाला थोडं पाजून बाजूला ओढून धरलं. दाजींनी पुढच्या सडांना हात घातला. आक्कानं त्यांच्या डाव्या खांद्याखालून उजवा हात घालून मागची सडं धरली. आणि धार सुरू झाली. एका हाताची धार आणि दोन हातांची धार यांचा आवाज वेगळा असतो. एका हाताची मध्ये मध्ये थांबते. दोन हातांची एकामागोमाग एक अशी चरवीत पडत राहते की मध्ये फट राहत नाही. कितीतरी दिवसांनी तो आवाज त्या गोठ्यात झाला. दाजींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. म्हणाले, "उतरली! पावणं, बगा, मागची पण उतरली की!" पावणा माझ्याकडे बघायला लागला, मी रेडकाकडे बघायला लागलो. मनात म्हटलं, झालं. म्हैस वाचली आणि हात गेला.

चरवी भरत आली तसा आक्काचा जोर वाढला. तिचा पण जीव त्या आवाजात अडकला असणार, कारण तिच्या हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या तरी तिचं लक्ष गेलं नाही. दाजींचं गेलं. त्यांचा हात थांबला. आक्काची एकटीची धार चरवीत पडत राहिली. दाजींनी मान डावीकडे वळवली. दवाखान्यातून आल्यापासून आपणहून डावीकडे वळलेली मान मी पहिल्यांदा बघितली. ते बराच वेळ त्या सडांकडे बघत राहिले.

"ह्या बांगड्या कुणाच्या?"

आक्का थांबली. तिला काहीतरी थाप मारता आली असती आणि त्यांच्या डोक्यानं ती पटवूनही घेतली असती. ती म्हणाली, "माझ्या."

"आणि हात?"

"हात पण माझाच."

दाजींनी उजवा हात फेसानं माखलेला तसाच समोर धरून बघितला. मग म्हशीच्या पोटाखाली बघितलं, पाटाखाली बघितलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग माझा कुठं हाय?"

आक्कानं त्यांच्या मांडीवरनं तो हात दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो तोलून बघितला, बोटं सरळ करून बघितली, सोडून बघितली. तो परत मांडीवर पडला. पावणा कधीच गोठ्याबाहेर जाऊन उभा राहिला होता.

"कवापासनं असं हाय ह्ये?"

"दिवाळीपासनं."

"आणि मला कुणी सांगिटलं न्हाय?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, व्यायामवाल्यानं सांगितलं, भर कट्ट्यावर मी घसा फोडून सांगितलं! पण आक्कानं मागं वळून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी ओठ मिटले.

"न्हाय सांगिटलं," ती म्हणाली. "आमचं चुकलं."

दाजी रडले. मोठ्यानं रडले, लहान पोर रडतं तसे, आणि बिजली मान वळवून बघत राहिली. मग नाक पुसून त्यांनी पावण्याला हाक मारली आणि म्हणाले, म्हशीत खोड न्हाय, खोड माझ्यात हाय, म्हस द्याची न्हाय, चहा पिऊन जावा. पावणा भला माणूस, चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला.

आम्हाला वाटलं, आता हे पडून राहतील. आक्कानं अंथरूण घातलं. तर दाजी म्हणाले, कट्ट्यावर चल. ती म्हणाली, उद्या जाऊ. ते उठलेच. मी एका बाजूनं धरलं, आक्कानं भरलेली चरवी घेतली. सगळ्या वाटेत ते सारखे थांबून डावीकडे वाकून बघत होते, हात आहे का म्हणून. मध्येच मला म्हणाले, आत्ता दिसतोय, मगाशी परत गेलता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं काही दिवस येत-जात राहील. उद्या सकाळी ते पुन्हा विसरलेले असतील, हे त्या वाटेवर त्यांना कदाचित आमच्या आधी कळलं असावं. म्हणून तर आजच्या आज निघाले होते.

कट्ट्यावर ऐन गर्दीची वेळ होती. यल्लाप्पा होते, जुनी गिऱ्हाइकं होती. दाजी मधोमध उभे राहिले, काठी माझ्या हातात दिली आणि उजव्या हातानं डावा हात मनगटाला धरून सगळ्यांना दिसेल असा वर उचलला.

"ह्यो मेलाय," ते म्हणाले. "मला ठावं न्हवतं. म्हशीची सडं चांगली हायती. हिच्या दुधात पाणी न्हवतं, कदीच न्हवतं. मी बोललो ते खोटं हुतं. उद्या मी परत तसंच बोललो तर माझं ऐकू नका, हिचं ऐका."

यल्लाप्पा पुढे आले आणि त्यांनी आक्कासमोर पेला धरला. आक्का चरवी उचलायला वाकली, पण तिच्यानं दूध ओतवेना. एवढ्या दिवसांत, कट्ट्यावर नाव गेलं तेव्हासुद्धा, जी लोकांसमोर रडली नव्हती, ती पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि यल्लाप्पा पेला पुढे धरून तसेच उभे राहिले.